बॉम्बच्या अपेक्षा

फारशी अपेक्षा न ठेवता चित्रपट पाहायला बसणे ही कृती दिसायला नम्र असली तरी आतून बरीच उद्दाम असते. ‘बघू या, काय दिवे लावले आहेत ते’ असे मनाशी म्हणत आपण बसतो, तेव्हा निकालपत्र आधीच लिहून झालेले असते. चित्रपटाने फक्त त्याखाली सही करायची असते. त्यातही समोर विज्ञानकथेची खिल्ली उडवणारा आणि आपल्या वेडगळपणाची स्वतःच दवंडी पिटणारा चित्रपट असला, तर प्रेक्षकाचा लोडाला टेकलेला थाट पाहण्यासारखा असतो. गंभीर चित्रपटासमोर आपण जरा सावरून बसतो, कारण तिथे काही समजले नाही तर कमीपणा आपल्याकडे येण्याची भीती असते. इथे तसली धास्ती नाही. हसू आले तर उपकार आपले, नाही आले तर दोष त्यांचा.

‘डार्क स्टार’ मी अशाच थाटात पाहायला घेतला. ‘डोके बाजूला ठेवून बघ’ अशी शिफारस एका मित्राने केली होती, आणि त्या शिफारशीइतकेच आकर्षण चित्रपटाच्या लांबीचे होते: ८३ मिनिटे. हल्लीच्या महानायकांना एक पृथ्वी वाचवायला अडीच तास पुरत नाहीत. तेव्हा दीड तासाच्या आत ग्रहच्या ग्रह उडवून मोकळी होणारी ही मंडळी मला न पाहताच थोडी आवडू लागली होती.

या चित्रपटाची जन्मकथा त्याच्या कथानकापेक्षा कमी गमतीची नाही. जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन हे दोघे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपटकलेचे विद्यार्थी असताना, १९७०च्या सुमारास, हा विद्यार्थ्यांचा लघुपट म्हणून सुरू झाला. पैसे हाती येतील तसे काम पुढे सरकत गेले. नंतर जॅक हॅरिस या निर्मात्याने पैसे घातल्यावर त्याला पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे रूप देण्यात आले आणि १९७४ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. एकूण खर्च साठ हजार डॉलरच्या आसपास. ज्या चित्रपटाची थट्टा करायला ही पोरे निघाली होती, त्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’वर १९६८ मध्ये एक कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता, म्हणजे थट्टा करणाऱ्यांच्या खिशात मूळ ऐवजाचा शंभरावा हिस्साही नव्हता. कार्पेंटरने दिग्दर्शन केले आणि संगीतही दिले. ओबॅननने लेखनात वाटा उचलला, संकलन केले, स्पेशल इफेक्ट्स पाहिले आणि एवढ्यानेही भागेना म्हणून पिनबॅक नावाच्या अंतराळवीराची भूमिका केली.

काटकसर पडद्यावर लपत नाही, आणि ती लपवण्याचा कोणी आटापिटाही केलेला नाही. सर्वांत उघडी पडते ती यानावरच्या परग्रहवासी प्राण्यात. यानावर शुभंकर म्हणून काहीतरी पाळलेले असावे, या हौसेपोटी पिनबॅकने तो कुठूनसा आणलेला आहे. प्राणी म्हणजे काय, तर समुद्रकिनाऱ्यावर पोरे खेळतात तसला हवा भरलेला मोठा चेंडू. त्याला रंग दिला आहे, अंगावर ठिपके काढले आहेत आणि खाली रबरी पंजे जोडले आहेत. डोळे नाहीत, तोंड नाही, दात नाहीत. हा प्राणी पाखरासारखा चिवचिवतो आणि अंग हलवत इकडून तिकडे सरकतो. तो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मी तळाशी ठेवलेली अपेक्षाही जरा वरच राहिली की काय, अशी शंका मला आली.

मग पिनबॅक झाडू घेऊन त्याला खायला घालायला जातो. प्राणी अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही आणि संधी साधून बाहेर निसटतो. इथून पुढे पिनबॅक त्याला ज्या सुरात दटावतो तो सूर ऐकण्यासारखा आहे. मीच तुला इथे आणले, मीच तुझी उस्तवार करतो, आणि तू मला हे पांग फेडतोस, अशा भावनेने एक प्रौढ माणूस एका चेंडूवर खरोखर दुखावला जातो. पाठलाग करता करता तो लिफ्टच्या खोल बोगद्यात जाऊन लोंबकळतो, आणि तो अधांतरी लटकलेला असताना चेंडू येऊन त्याला गुदगुल्या करतो. ओबॅननच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी भीती, चीड आणि नाइलाजाने येणारे हसू यांची सरमिसळ दिसते, तीत ‘हा चेंडू आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही’ असा एकही इशारा नाही. शेवटी वैतागून तो प्राण्याला गुंगीचे इंजेक्शन मारणाऱ्या बंदुकीने टिपतो, तर प्राणी फुस्स करत खोलीभर भिरभिरतो आणि चिपाड होऊन पडतो. त्याच्या आत नुसता वायू होता! नुसता वायू भरलेला असताना तो जिवंत कसा राहिला, हा प्रश्न पिनबॅकला पडतो. सहकाऱ्यांना तो ऐकून घ्यायचीही इच्छा नसते.

लिफ्टचा हा प्रसंग मात्र फार लांबला आहे. लघुपट ओढूनताणून पूर्ण लांबीचा केल्याच्या खुणा मला इथे सर्वाधिक जाणवल्या. पिनबॅक लिफ्टच्या तळाला अडकतो, संगणक त्याला मधाळ आवाजात सूचना देत राहतो, हे दोनतीन मिनिटे गमतीचे असते. त्यानंतर आपणही त्याच्यासोबत लटकू लागतो. कमी अपेक्षांचा एक फायदा असा की अशा वेळी राग येत नाही. तोटा असा की मन हळूच दुसरीकडे सटकते.

माझे मन मात्र सटकले ते चित्रपटातच. कारण तोवर एक गोष्ट ध्यानात येऊ लागली होती. या यानाची कथाच मुळी पैसे संपल्याची आहे. अस्थिर ग्रह शोधायचे आणि बोलत्या बॉम्बने ते उडवायचे, म्हणजे पुढे माणसांना तिथे वस्ती करताना अडचण येऊ नये, हे या मंडळींचे काम. वीस वर्षे ती अंतराळात आहेत. यान जागोजागी मोडके झाले आहे. एका कोठाराचा स्फोट होऊन टॉयलेट पेपरचा अख्खा साठा नष्ट झाला आहे, आणि याची नोंद यानाच्या दैनंदिनीत रीतसर केली जाते. किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे साहित्य पाठवा, अशी विनंती पृथ्वीकडे केलेली होती. चित्रपटाच्या आरंभीच तिचे उत्तर येते. एक हसतमुख अधिकारी पडद्यावर प्रकट होतो. कप्तान पॉवेलच्या मृत्यूबद्दल आठवडाभर दुखवटा पाळला, झेंडे अर्ध्यावर उतरवले, असे सांगतो. तुमचा संदेश दूरचित्रवाणीवर अगदी मोक्याच्या वेळी दाखवला गेला, हेही सांगतो. आणि मग त्याच सुरात कळवतो की खर्चात कपात झाल्यामुळे तुमची मागणी मंजूर होऊ शकलेली नाही, पण तुम्ही भागवून घ्याल याची आम्हाला खात्री आहे.

हे ऐकताना मी मोठ्याने हसलो, आणि हसता हसता ओळख पटली. हा चित्रपट बनवणाऱ्या पोरांनाही असली उत्तरे ऐकावी लागली असणार! पैसे नाहीत, पण भागवून घ्याल. पडद्यावरचा चेंडू आणि यानावरची टंचाई या एकाच तंगीच्या दोन बाजू आहेत. म्हणून स्वस्त देखावे इथे कथेला छेद देत नाहीत, उलट तिचा पुरावा होतात. गुळगुळीत, चकाकत्या यानात हा अधिकारी हास्यास्पद वाटला नसता. मोडक्या यानात तो ओळखीचा वाटतो.

डोके बाजूला ठेवण्याचा सल्ला पाळणे मला इथेच जड गेले. तो अधिकारी म्हणतो की संदेशाला दहा वर्षांचा विलंब लागतो, त्यावरून तुम्ही सुमारे अठरा पार्सेक दूर असाल. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे, अठरा पार्सेक म्हणजे जवळजवळ ५९ प्रकाशवर्षे. संदेश प्रकाशाच्या वेगाने जात असेल तर दहा वर्षांत तो जेमतेम तीन पार्सेक कापेल. म्हणजे एक तर पृथ्वीवरच्या कार्यालयात भागाकार येत नाही, किंवा लेखकांना येत नाही. पण अनुदान नाकारणाऱ्या कार्यालयाचे गणित कच्चे असावे, हे कथेच्या स्वभावाला इतके साजेसे आहे की ही चूक मला दुरुस्त झालेली आवडणार नाही. वीस वर्षांत या माणसांचे वय तीनच वर्षांनी वाढले, हेही चित्रपट सांगतो. हा आकडा मात्र आइन्स्टाइनच्या सापेक्षतेला धरून आहे, कारण प्रकाशाच्या वेगाजवळ धावणाऱ्यासाठी काळ मंदावतो. सरासरी हिशेब केला तर त्यासाठी प्रकाशाच्या सुमारे ९८.९ टक्के वेग लागेल. अवघड आहे, पण भाकड नाही. आणि या हिशेबामागे एक दुःख आहे, जे चित्रपट बोलून दाखवत नाही: यांच्या अंगावर तीन वर्षांचा थकवा आहे आणि मागे सोडलेल्या जगातून मात्र वीस वर्षे निघून गेली आहेत.

अशा माणसांच्या अपेक्षा काय उरणार? यानाचा ताबा आता डूलिटलकडे आहे. त्याला घरची आठवण येते ती प्रामुख्याने समुद्राच्या लाटांची आणि सर्फिंगच्या फळीची. एका नेब्युलात, म्हणजे वायू आणि धुळीच्या अवाढव्य ढगात, बुद्धिमान जीव असण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असे त्याला सांगितले जाते. विज्ञानकथेतला कोणताही कप्तान या वाक्यावर खुर्चीतून उठला असता. डूलिटल म्हणतो, ते बुद्धिमान जीवांचे सोडा, उडवण्याजोगे काहीतरी शोधा. बॉयलर नावाचा त्याचा सहकारी यानाच्या मार्गिकेत बंदुकीने नेमबाजी करत वेळ काढतो. पिनबॅक तर मुळात पिनबॅकच नाही. तो इंधनाची देखभाल करणारा बिल फ्रूग, एका विचित्र अपघातात दुसऱ्याचा पोशाख घालून बसलेला आणि त्या नावाने आयुष्य कंठणारा. ही हकीकत तो सांगतो तेव्हा बाकीच्यांना आठवते की ती आपण पूर्वीही ऐकली आहे. कप्तान पॉवेल मेला आहे, तरी त्याला बर्फात गोठवून ठेवले आहे आणि अडीनडीला त्याच्याशी बोलता येते. संकटकाळी डूलिटल सल्ला मागायला जातो, तर त्या मृताची पहिली चौकशी आपल्या आवडत्या बेसबॉल संघाची असते. तो संघ केव्हाच मोडला, हे डूलिटलला सांगावे लागते. कोणी बोलायलाच येत नाही, ही पॉवेलची तक्रार तर मला विनोदापलीकडची वाटली.

टॅल्बी हा यातला अर्धा अपवाद. तो यानाच्या माथ्यावरच्या काचेच्या घुमटात एकटा बसून तारे पाहतो आणि फीनिक्स नावाच्या झगमगत्या लघुग्रहांची वाट पाहतो. हे लघुग्रह विश्वाभोवती एक फेरी १२.३ लाख कोटी वर्षांत मारतात, असे तो सांगतो. आजच्या मापनानुसार विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, तेव्हा पहिल्या फेरीचा हजारावा हिस्सा त्यांनी कसाबसा पार केला असेल. पण टॅल्बीची ओढ आकाशाकडे आहे, कामाकडे नाही. कामाकडून अपेक्षा बाळगणारा यानावर एकच जण आहे, आणि तो बॉम्ब आहे.

या चित्रपटातले बॉम्ब सभ्य आहेत. त्यांना उडवण्याआधी त्यांच्याशी दोन शब्द बोलावे लागतात; ते नम्रपणे उत्तरे देतात आणि आपल्या कामाला निघतात. विसाव्या बॉम्बची गोष्ट मात्र अवघड होते. यानातल्या बिघाडामुळे त्याला चुकीचा आदेश मिळतो आणि तो तयारीनिशी बाहेर येतो. संगणक त्याला समजावून परत पाठवतो. पुन्हा तसेच होते, पुन्हा समजूत घातली जाते. दोन्ही वेळा तो जातो, पण त्याच्या सुरात एक नाराजी ऐकू येते, जी मी आजवर नोकरी करणाऱ्या माणसांतच ऐकली आहे: बोलावता, आणि मग नको म्हणता. तिसऱ्यांदा खरी वेळ येते तेव्हा तो यानापासून सुटतच नाही आणि जागच्या जागी फुटायला निघतो. आपण इथे फुटलो तर सगळे मरतील, ही बाब त्याच्या लेखी गौण आहे. त्याला ज्यासाठी घडवले ते त्याला करायचे आहे. वीस वर्षे कंटाळलेल्या त्या यानात ध्येय शिल्लक आहे ते एवढ्या एका ठिकाणी.

गोठलेल्या पॉवेलचा सल्ला असा की बॉम्बला फिनॉमेनॉलॉजी शिकवा, म्हणजे गोष्टी आपल्या जाणिवेला कशा प्रतीत होतात याचा विचार करणारे तत्त्वज्ञान. मग डूलिटल अंतराळपोशाख चढवून बाहेर पडतो आणि पोकळीत तरंगत बॉम्बसमोर जाऊन त्याची शिकवणी घेतो. तू आहेस हे तुला कसे कळते? बॉम्ब सांगतो, मी विचार करतो, म्हणून मी आहे. बाकीचे जग आहे हे कशावरून? माझी संवेदक यंत्रे सांगतात. पण ती खरे सांगतात हे कशावरून? बॉम्ब थबकतो. आपल्याला मिळालेला स्फोटाचा आदेशही खोटा असू शकेल, हे त्याच्या ध्यानात येते. उलटी गणना संपत आलेली असते, आणि एक अण्वस्त्र ‘यावर विचार करावा लागेल’ असे म्हणून आपल्या कप्प्यात परत जाते. औषधाची चिठ्ठी फिनॉमेनॉलॉजीचा जनक हुसर्ल याच्या नावाची आणि प्रत्यक्षात पाजले ते ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ म्हणणाऱ्या देकार्त या तत्त्वज्ञाचे १६४१ सालचे चिंतन, अशी तक्रार तत्त्वज्ञानाचे अभ्यासक करतील. ती रास्तही आहे. तरी ज्ञानमीमांसेचा, म्हणजे आपल्याला जे कळते ते खरे कशावरून, हा मूळ प्रश्न इतक्या निकडीने विचारला गेल्याचे दुसरे दृश्य मला आठवत नाही. वर्गात या प्रश्नाचे उत्तर चुकले तर गुण जातात. इथे यान जाते.

आणि ते जातेच. कारण बॉम्ब खरोखर विचार करतो. विचाराअंती तो ठरवतो की बाहेरून येणारे सारे ज्ञान अविश्वसनीय आहे, तेव्हा खात्रीने असणारी वस्तू एकच, ती म्हणजे मी. पिनबॅक त्याला नवा आदेश देऊ पाहतो, तर तो पिनबॅकलाच खोटी माहिती ठरवून बाजूला सारतो. कोणत्याही गुरूविना हा बॉम्ब ‘अहं ब्रह्मास्मि’पाशी पोचतो, पण त्यातला अहं तेवढा घेतो. आरंभी अंधार होता, आणि अंधाराखेरीज मी होतो, अशा बायबलच्या सुरात तो स्वगत म्हणतो आणि प्रकाश होवो अशी आज्ञा देतो. प्रकाश होतो. मला त्या क्षणी धक्का बसला नाही, उलट त्या बॉम्बचा हेवा वाटला. सबंध चित्रपटात मनापासून पार पाडलेले काम हे एकच आहे.

हे सगळे वेडगळ आहे आणि चित्रपटभर ते वेडगळच राहते. तो अखेरीस गंभीर निघाला, त्यात गूढ अर्थ दडला होता, अशा थाटाची पदोन्नती मला त्याला द्यायची नाही. मला अप्रूप वाटते ते त्याच्या वेडेपणातल्या शिस्तीचे. एक अशक्य गोष्ट मागून घ्यायची, बॉम्ब बोलतो, एवढी. आणि मग तिच्याशी शेवटपर्यंत इमान राखायचे. बोलतो तर वाद घालेल, वाद घालतो तर शंका घेईल, शंका घेतो तर आपल्यावरही घेईल. फसलेले वेडगळ विज्ञानपट मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांतले विज्ञान खोटे होते म्हणून ते फसले असे मला वाटत नाही. ते आपलाच नियम मोडतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रेक्षकाला डोळा मारतात. ‘किती फालतू आहे ना हे सगळे’ असे पात्रच म्हणू लागले की आपल्याला करायला काही उरत नाही. आपली कमी अपेक्षा चित्रपटाने आधीच पाठ केलेली असते, आणि दोन्ही बाजूंनी कमी अपेक्षा असतील तर मध्ये घडणार तरी काय? ‘डार्क स्टार’मध्ये कोणी डोळा मारत नाही. शेवटी यानाच्या तुकड्यावर उभा राहून डूलिटल ग्रहाच्या वातावरणात सर्फिंग करत शिरतो, टॅल्बी आपल्या लघुग्रहांसोबत वाहत निघून जातो. या दोन्ही गोष्टी अशक्य, आणि दोन्ही अशा चेहऱ्याने केलेल्या की जणू नोकरीच्या करारात त्या लिहिलेल्या होत्या.

चित्रपटगृहात मात्र त्या काळी लोक फारसे हसले नाहीत. ओबॅननला ते लागले. चेंडूवर कोणी हसत नसेल तर घाबरेल तरी, असा हिशेब त्याने मांडला आणि यानात मोकाट सुटलेल्या प्राण्याची तीच कल्पना भयकथेच्या अंगाने नव्याने लिहिली. तिच्यावरून रिडली स्कॉटने १९७९ मध्ये ‘एलियन’ केला, आणि जगभरच्या प्रेक्षकांची झोप उडवणारा तो प्राणी जन्माला आला. ‘डार्क स्टार’नंतर काही काळाने मी ‘एलियन’ पुन्हा पाहिला, चारचौघांत. कप्तान हातात ज्वालाफेक यंत्र घेऊन यानाच्या अरुंद हवावाहिन्यांतून सरपटत असतो, प्राणी कुठे आहे ते दाखवणारा ठिपका त्याच्याकडे सरकू लागतो, खोलीत कोणी श्वासही घेत नाही, असा तो प्रसंग. मला लिफ्टच्या बोगद्यातल्या गुदगुल्या आठवल्या आणि खुदकन हसू फुटले. सगळ्यांनी वळून पाहिले. मी चेंडूची हकीकत सांगू लागलो, तर ‘ती सिनेमा संपल्यावर सांग’ असे मला दटावण्यात आले.